होतकरू धूमकेतूदर्शकांसाठी प्राथमिक सूचना

धूमकेतू पाहायचा असेल तर सर्वांत आधी शतक निवडावं. बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात आणि थेट दुर्बिणीच्या दुकानात जातात. निरीक्षणाची पद्धत, लागणारं साहित्य आणि चुकलं तर होणारी शिक्षा हे सगळं शतकावर अवलंबून असतं. म्हणून जरा बसून विचार करावा, घरच्यांशी बोलावं आणि मगच पुढे जावं.

दुर्बीण निघण्यापूर्वीचं शतक घेतलंत तर खर्च कमी. आकाश काळंकुट्ट, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि रात्री करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे सगळं गाव तुमच्याबरोबर वर बघतं. फक्त एक राजा हाताशी लागतो. शेंडेनक्षत्र उगवलं की ते राजाला लावायचं, एवढीच या काळातली कृती. राजा आजारी असेल तर फारच सोपं. ठणठणीत असेल तर शेजारच्या राज्यातला घ्यावा. १०६६ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडवर असाच एक धूमकेतू दिसला. हॅरॉल्ड नुकताच गादीवर बसला होता. ऑक्टोबरात तो हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेला आणि धूमकेतूचा अर्थ सगळ्यांना एकदम कळला. नॉर्मंडीच्या विल्यमच्या मुलखातही तोच धूमकेतू दिसला होता, पण लढाई त्याने जिंकल्यामुळे त्याच्यापुरता तो शुभ निघाला. पुढे जिंकणाऱ्या बाजूने हा सगळा प्रकार सत्तरएक मीटर लांबीच्या कापडावर भरतकाम करून घेतला. त्यात धूमकेतूकडे बोटं दाखवणारी माणसं आहेत. नवशिक्याने ती बघून ठेवावीत, मान किती वाकडी करायची त्याचा अंदाज येतो.

भारतात असाल तर वराहमिहिराची बृहत्संहिता जवळ ठेवा. सहाव्या शतकातला ग्रंथ, आणि त्यात केतुचार नावाचा एक अख्खा अध्याय. वराहमिहिर सुरुवातीलाच कबूल करतो की केतू कधी उगवेल आणि कधी मावळेल हे गणिताने कळत नाही. एखादा साधा माणूस इथेच अध्याय आटोपून झोपायला गेला असता. वराहमिहिर मात्र पुढे केतूंचे रंग, आकार, दिशा, कुळं आणि प्रत्येकाची फळं सांगत जातो. केतू एकंदर किती यावर जुन्या आचार्यांचं एकमत नाही, हेही तो नोंदवतो. कुणी एकशे एक म्हणतं, कुणी हजार, आणि नारदाचं म्हणणं असं की केतू एकच, तोच नाना रूपं घेऊन येतो. नारदाच्या बोलण्यावर फार विसंबू नये असा आपल्याकडे रिवाज आहे, पण या बाबतीत एडमंड हॅलीच्या सगळ्यांत जवळ पोहोचला तो नारदच.

त्याच अध्यायात एक कामाचा नियम आहे: केतू जितके दिवस दिसेल तितके महिने त्याचं फळ चालतं. हिशेब करून बघा. १९९७ साली गाजलेला हेल-बॉप नुसत्या डोळ्यांना सुमारे अठरा महिने दिसत होता, म्हणजे साधारण ५४० दिवस. ५४० महिन्यांची पंचेचाळीस वर्षं होतात. तेव्हा छताची गळती, रखडलेली बढती आणि जावयाचा स्वभाव २०४१ च्या सुमारापर्यंत निर्धास्तपणे हेल-बॉपच्या खात्यावर टाकता येईल.

चीनमध्ये जन्म घ्यायची सोय असेल तर ती जरूर घ्यावी. तिथे धूमकेतू पाहणं ही सरकारी नोकरी होती. हुनान प्रांतात मावांगदुई इथल्या एका थडग्यात १९७३ साली रेशमी कापडावरचं हस्तलिखित सापडलं. थडगं बंद झालं होतं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये. त्या रेशमावर २९ धूमकेतू काढले आहेत, निरनिराळ्या शेपट्यांचे, आणि कोणता दिसला की काय कोसळतं ते प्रत्येकाखाली लिहिलं आहे. म्हणजे भीती तिथेही होतीच. पण दरबारातले लोक भिण्याआधी लिहून ठेवत: अमुक दिवशी, अमुक नक्षत्रात, शेपटी अमुक दिशेला, इतकी लांब. इसवी सनापूर्वी २४० मधली त्यांची एक नोंद हॅलीच्या धूमकेतूची सर्वांत जुनी नोंद म्हणून आज दाखवली जाते. ती करणाऱ्या कारकुनाने कोणतं अरिष्ट वर्तवलं होतं आणि ते आलं की नाही, याची आता कुणी चौकशी करत नाही. तारीख आणि जागा मात्र दोन हजार वर्षांनी कक्षेच्या गणिताला उपयोगी पडली. नवशिक्याने इथे थांबून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही आणावी. दुरेघी चालेल.

सोळावं शतक पसंत पडलं तर नोकरी कोणत्या वेधशाळेत धरायची ते विचारपूर्वक ठरवा. १५७७ च्या नोव्हेंबरमध्ये मोठा धूमकेतू दिसला तेव्हा इस्तंबूलला तकीउद्दीन नवी कोरी वेधशाळा चालवत होता. त्याने सुलतान तिसऱ्या मुरादला सांगितलं की लक्षण शुभ आहे, इराणवर विजय मिळणार. १५८० साली ती वेधशाळा सुलतानाच्याच हुकमाने पाडण्यात आली. तिकडे डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे ह्वेन बेटावर तळ्याकाठी मासे धरत होता. सूर्य मावळायच्या आतच त्याला पश्चिमेला एक ठळक तारा दिसला, आणि अंधार पडल्यावर त्या ताऱ्याला शेपटी फुटली. मासे तळ्यातच राहिले. ॲरिस्टॉटलच्या काळापासून विद्वान सांगत होते की धूमकेतू म्हणजे हवेच्या वरच्या थरात पेटलेली वाफ, चंद्राच्या खूप अलीकडची. टायकोने ह्वेनहून केलेले आपले वेध आणि प्रागहून आलेले वेध समोरासमोर ठेवले. चंद्र दोन गावांतून पाहिला की मागच्या ताऱ्यांच्या संदर्भात थोडा सरकलेला दिसतो, कारण तो जवळ आहे. धूमकेतू तसा सरकेना. म्हणजे तो चंद्राच्या पलीकडे होता. हे झाल्यावर टायकोने राजासाठी धूमकेतूची फळंही रीतसर लिहून दिली, कारण पगार तिथून येत होता. वेध एका कागदावर आणि फळं दुसऱ्या कागदावर, ही त्याची सवय नवशिक्याने घ्यावी.

१६८० हे वर्ष टाळलेलं बरं, फार गर्दी आहे. नोव्हेंबरात जर्मनीत गॉटफ्रीड किर्खला दुर्बिणीतून धूमकेतू सापडला. दुर्बिणीने शोधलेला हा पहिला. डिसेंबरात रोममधल्या एका कोंबडीने म्हणे धूमकेतूचं चित्र असलेलं अंडं घातलं. अंड्याची सचित्र पत्रकं छापून विकली गेली. इंग्लंडात न्यूटन याच धूमकेतूच्या वाटेवर गणित मांडत बसला. आणि आपल्याकडे कृष्णाजी अनंत सभासद. शिवाजी महाराज गेले ते त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. सभासदाने बखर लिहिली त्यानंतर दीड तपाच्या आत-बाहेर, दूर जिंजीला, राजाराम महाराजांच्या पदरी असताना. निर्वाणाच्या दिवशी भूकंप झाला, उल्का पडल्या आणि आकाशात धूमकेतू उगवला, असं तो सांगतो. जगभरच्या वह्यांत मात्र त्या वर्षीचा प्रचंड धूमकेतू दिसतो तो महाराजांनंतर सात महिन्यांनी. सभासदाला खोटं पाडायचं काही कारण नाही. मुलूख सोडून आलेला माणूस जिंजीत बसून आठवतो आहे. एकाच वर्षी छत्र हरपलं आणि एकाच वर्षी आकाशात एवढी मोठी शेपटी दिसली. मनात दोन्ही एका दिवसावर आली असतील तर नवल नाही. धूमकेतूंची ही जुनी खोड आहे, आठवणीत ते आपली तारीख सोडून मोठ्या घटनेच्या शेजारी सरकून बसतात. वही अजून आणली नसेल तर दुकान उघडं असेल.

अठराव्या शतकात मात्र वही-पेन्सिलीवर भागत नाही, गणित लागतं. हॅलीने १७०५ साली दाखवलं की १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच असावेत, आणि तो १७५८ च्या सुमाराला परत येईल. मग तो १७४२ साली वारला, जे भाकीत करणाऱ्याला फार सोयीचं असतं. पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लेपोत या बाईंनी महिनोन्महिने आकडेमोड केली आणि गुरू-शनीच्या ओढीमुळे धूमकेतूला उशीर होईल असं काढलं. शार्ल मेसिए आपल्या वरिष्ठाने आखून दिलेला नकाशा घेऊन रात्रीमागून रात्री आकाश चाळत होता. नकाशा चुकला होता. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री धूमकेतू सापडला तो ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिच या शेतकऱ्याला. साहेबाच्या नकाशाचं काय करायचं, हे ज्याने त्याने आपापल्या कचेरीचा विचार करून ठरवावं. बिचाऱ्या मेसिएने धूमकेतूसारखे दिसून फसवणाऱ्या धूसर ठिपक्यांची एक यादी केली, पुन्हा वेळ वाया जाऊ नये म्हणून. पुढे त्याने शोधलेले धूमकेतू लोक विसरले. फसव्या ठिपक्यांची ती यादी आजही प्रत्येक हौशी निरीक्षक तोंडपाठ करतो, कारण त्यांत आकाशगंगा, तारकागुच्छ आणि तेजोमेघ निघाले.

ज्यांना १९१० हवं असेल त्यांनी दाराच्या फटी बुजवायला चिंध्या जमवाव्यात. हॅली परत येत होता. त्याच्या वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू आढळला आणि १८-१९ मेच्या रात्री पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार असा हिशेब निघाला. हा वायू आपल्या हवेत मिसळून सगळी जीवसृष्टी संपवू शकेल, असं कामिय फ्लामारियाँ या नामांकित फ्रेंच खगोलज्ञाचं मत म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलं. बाकीचे ज्योतिर्विद कंठशोष करून सांगत होते की शेपटी इतकी विरळ असते की अपाय होण्याइतका वायू तिच्यात नसतोच. खप फ्लामारियाँचा झाला. अमेरिकेत लोकांनी कुलपांची भोकं बुजवली, आणि धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. गोळ्या घेतलेले सगळे वाचले. न घेतलेलेही वाचले, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत, हॅलीच्या आधी, एक दुसराच धूमकेतू येऊन गेला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांना तो पहाटे प्रथम दिसला आणि नंतर तर भर दिवसा सूर्याच्या शेजारी दिसण्याइतका उजळला. ‘मी लहानपणी हॅली पाहिला’ असं पुढे साठ-सत्तर वर्षं सांगणाऱ्या कित्येक आजी-आजोबांनी खरं तर हा जानेवारीतला पाहुणा पाहिला होता. त्यांच्या वर्णनाच्या भरवशावर १९८६ साली नातवंडं हौसेने बाहेर पडली आणि त्यांना दिसला एक पुसट डाग. आजोबांचा दोष नव्हता, हॅलीचाही नाही. तो सूर्याजवळ ऐन भरात होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती. नीट पाहिलं ते ज्योत्तो नावाच्या यानाने, गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून. गाभा निघाला पंधराएक किलोमीटर लांबीचा आणि कोळशासारखा काळा. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के तो परत फेकतो. एवढ्यावर त्याने राजे घाबरवले.

आता ज्यांना शतक बदलून मिळालं नाही त्यांच्यासाठी.

पहिलं काम बातमी वाचण्याचं. ‘शतकातला सर्वांत तेजस्वी’ असे शब्द दिसले की अपेक्षा निम्मी करावी, आणि बातमीत उद्गारचिन्ह असेल तर पुन्हा निम्मी. १९७३ चा कोहोउटेक असाच गाजवला गेला आणि फिका पडला. २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालायला गेला आणि तुकडे होऊन विरून गेला. बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचं हे गाठोडं सूर्याच्या आचेने किती उमलेल आणि कधी फुटेल, हे आधी सांगता येत नाही. धूमकेतू कुठल्या रात्री कुठे असेल ते आता अचूक कळतं. कसा दिसेल, या प्रश्नात आपण अजून वराहमिहिराच्याच वर्गात बसलो आहोत.

मग कालनिर्णय काढावं. चंद्र नसलेल्या रात्री त्यात खुणेने दाखवलेल्या असतात. इथे महाराष्ट्रातल्या नवशिक्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी की धूमकेतू आपले सण आणि ऋतू बघून येतात, आणि नेमकं उलटं करतात. निओवाइज संध्याकाळी सप्तर्षींच्या खाली दिसू लागला तो २०२० च्या जुलैमध्ये. वर आषाढाचे ढग, खाली टाळेबंदी. त्सुचिनशान-ॲटलास १२ ऑक्टोबर २०२४ ला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, त्या दिवशी दसरा. नंतरच्या संध्याकाळी तो पश्चिमेला शुक्राच्या वर उजवीकडे शोधायचा होता, आणि नेमका तेव्हाच कोजागरीचा चंद्र तयारीला लागलेला. लेमन तर २१ ऑक्टोबर २०२५ ला जवळ आला. लक्ष्मीपूजन, अमावास्या, म्हणजे निरीक्षणाला याहून चांगली तिथी नाही. त्या संध्याकाळी पश्चिम क्षितिजावर जे पांढुरकं दिसलं ते शेजारच्या सोसायटीने लावलेलं होतं.

ही नावं विचित्र वाटतात त्याचं कारण म्हणजे हल्ली धूमकेतू बहुधा यंत्रांना आधी सापडतात. ॲटलास ही पृथ्वीवर येऊ शकणाऱ्या लघुग्रहांवर पाळत ठेवणारी दुर्बिणींची यंत्रणा, निओवाइज ही २०२४ पर्यंत चाललेली अवकाशातली दुर्बीण, लेमन हा ॲरिझोनातला डोंगर. १९४९ साली हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या वेणू बाप्पूंचं नाव एका धूमकेतूला लागलं, तसं आपलंही लागावं अशी इच्छा असेल तर ती जपावी, पण कुणाला सांगू नये.

जागेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागावी. कारण विचारलं तर ‘पाण्याची टाकी बघायची आहे’ असं सांगू नये, ते बरोबर येतात. त्यापेक्षा शहराबाहेर जावं. मुंबईकर वर्षानुवर्षं वांगणीच्या बाजूला जात आले आहेत, आणि पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. अशा मंडळींबरोबर गेल्याचा मोठा फायदा म्हणजे तुम्ही पाहताय तो धूमकेतू नसून कृत्तिका आहे, हे कुणीतरी न हसता सांगतं.

पोचल्यावर वीस-तीस मिनिटं अंधारात नुसतं उभं राहायचं. डोळे तेवढ्या वेळाने सरावतात आणि मोबाइलच्या एका झळाळीने पुन्हा बिघडतात. दहा-पन्नासची साधी द्विनेत्री पुरते. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, शेपटी बाहेर राहते. हात ताणून मूठ धरली की आकाशातलं साधारण दहा अंशांचं अंतर होतं, त्या मापाने क्षितिजापासून वर मोजावं. सांगितलेल्या जागी काही दिसलं नाही तर रोखून बघू नका. किंचित बाजूला बघा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, कडेला असतात. आकड्यांनीही फसू नका. चौथ्या प्रतीचा तारा आणि चौथ्या प्रतीचा धूमकेतू यांत फरक असा, की धूमकेतूचं तेवढंच तेज मोठ्या जागेवर पसरलेलं असतं. तारे टोकदार दिसतात. कडा नसलेला, मध्याकडे दाट होत गेलेला डाग दिसला आणि त्याची एक बाजू मावळलेल्या सूर्याच्या उलट दिशेला ओढलेली असली, तर तो. शेपटी मागे सुटलेली नसते. सूर्याकडून येणारे कण आणि प्रकाश तिला ढकलतात, म्हणून परतीच्या वाटेवर धूमकेतू शेपटी पुढे धरून चालतो. निळसर सरळ शेपटी वायूची, पिवळट वाकलेली धुळीची. छायाचित्रातला हिरवा रंग द्विअणु कार्बनचा; तो कॅमेऱ्याला दहा सेकंदांत दिसतो आणि तुम्हाला बहुधा दिसणार नाही.

एवढ्यात कुणीतरी काकू विचारतील, “अहो, पळताना कुठे दिसतोय?”

“काकू, पळते ती उल्का. हा रोज थोडा थोडा सरकतो.”

“मग एवढ्या रात्री कशाला उभे आहात?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नये. द्विनेत्री त्यांच्या हातात द्यावी.

त्याच रात्री, घरी जाऊन जेवायच्या आधी, वही उघडावी. तारीख, घड्याळातली वेळ, गाव, साधन, कोणत्या ताऱ्याशेजारी होता, शेपटी किती मुठी आणि कोणीकडे. ‘अद्भुत’ हा शब्द वापरू नये, तो कुणालाच मोजता येत नाही. दिसला नसेल तर ‘दिसला नाही’ लिहावं. व्हॉट्सॲपवर काय आलं होतं ते लिहायचंच झालं तर वेगळ्या पानावर लिहावं. २०२५ साली परक्या ताऱ्याकडून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा, थ्री-आय ॲटलास, हे परग्रहवासीयांचं यान आहे अशी हूल उठली होती, तिला टायकोच्या दुसऱ्या कागदावर भरपूर जागा आहे.

पावसाळ्याचे चार महिने रिकामे जाऊ नयेत म्हणून एक घरबसल्या उपाय. १९९५ साली सोडलेली सोहो ही वेधशाळा सूर्याचं बिंब झाकून त्याच्या आजूबाजूचे फोटो काढत असते आणि ते सगळ्यांसाठी खुले असतात. त्या फोटोंत सूर्यावर झेपावणारे पाच हजारांहून अधिक धूमकेतू सापडले, त्यांतले बहुतेक पगार न घेणाऱ्या हौशी लोकांना. गच्ची, किल्ली, काकू काहीच लागत नाही.

हॅली सूर्याच्या सर्वांत जवळ पुन्हा येईल २८ जुलै २०६१ ला. यावेळी पृथ्वी बऱ्या बाजूला असेल आणि १९८६ पेक्षा तो कितीतरी छान दिसावा. जुलै अखेर म्हणजे कोकणात आणि घाटावर आभाळ उघडायचा प्रश्न नाही, तेव्हा लडाखमधल्या हान्लेकडे, पर्जन्यछायेत, मुक्काम हलवावा. उंची साडेचार हजार मीटर आहे, गुडघे आणि फुप्फुसं तोवर सांभाळावीत. ज्यांना जाणं जमणार नाही त्यांनी ठरल्या वेळी गच्चीवर जाऊन यावं आणि वहीत ‘ढग’ असं लिहावं, वेळेसकट.